अँटिव्हायरस आज्ञावली : फाइलींचे वर्णन व ओळख

संगणकातील फाइलीला तिच्या प्रत्यक्ष आशयाखेरीज नाव, प्रकार, आकारमान, तारीख, निर्मात्याचे नाव, आवृत्तीचा क्रमांक, उपयोगाविषयीची टीप इ. जी माहिती जोडलेली असते, तीस फाइलीचे वर्णन म्हणतात. हे वर्णन कधी फाइलीच्या अंतर्भागात, कधी ती ठेवलेल्या निर्देशिकेत, तर कधी तिच्याकडे नेणाऱ्या शॉर्टकटमध्ये साठविलेले असते. संगणक-विषाणूंचा म्हणजेच व्हायरसचा शोध घेऊन त्यांचे निवारण करणाऱ्या आज्ञावलीस अँटिव्हायरस आज्ञावली म्हणतात. अशा आज्ञावलीच्या बाबतीत वर्णनाला दुहेरी महत्त्व आहे. संगणकातील शेकडो फाइलींपैकी रक्षक कोणती हे वापरणाऱ्यास कळावे म्हणून वर्णन आवश्यक असते; पण उपद्रवी आज्ञावल्यांनाही तेच वर्णन धारण करावयाचे असते. त्यामुळे वर्णनाच्या सोयीचा इतिहास व त्या वर्णनाची खातरजमा करण्याच्या साधनांचा इतिहास हे परस्परांपासून वेगळे करता येत नाहीत. प्रस्तुत नोंदीत या दोहोंचा विकास, महाराष्ट्रातील अँटिव्हायरस उद्योग व यवतमाळ जिल्ह्यासारख्या भागातील संगणकवापर यांच्या संदर्भात दिला आहे.

वर्णनाची स्थाने : व्यक्तिगत संगणकाबरोबर १९८१ मध्ये प्रचारात आलेल्या डॉस प्रणालीत फाइलीच्या नावासाठी आठ व प्रकारदर्शक प्रत्ययासाठी तीन अक्षरांची मर्यादा होती. एवढ्या जागेत फाइलीचा उपयोग सांगणे अशक्य असल्याने वर्णनासाठी निरनिराळे उपाय योजण्यात आले. १९८९ मध्ये प्रसृत झालेल्या ‘फोर-डॉस’ या आज्ञावलीत फाइलीला टीप जोडण्याची स्वतंत्र आज्ञा होती. या टिपा त्याच निर्देशिकेतील एका अदृश्य फाइलीत साठविल्या जात. टीप मूळ फाइलीच्या बाहेर राहत असल्याने फाइलीतील एकही अक्षर बदलत नसे. मात्र फाइल अन्य साधनाने दुसरीकडे नेली असता टीप मागेच राही. टेलिफोन-जोडणीवर चालणाऱ्या तत्कालीन संदेशफलक-सेवांत याच्या उलट पद्धत रूढ झाली. आज्ञावलीच्या संकुचित संचातच वर्णनाची एक छोटी फाइल घालण्यात येई व तीत सु. ४५ अक्षरांच्या जास्तीत जास्त दहा ओळी असाव्यात असा संकेत होता. येथे वर्णन संचाबरोबर प्रवास करी. परंतु ते लिहिणारा कोण, हे तपासण्याची सोय नव्हती.

विंडोज प्रणालीत आज्ञावलीच्या फाइलीतच आवृत्तिविषयक माहितीचा एक विभाग ठेवण्यात येऊ लागला. फाइलीचे वर्णन, निर्मात्या कंपनीचे नाव, उत्पादनाचे नाव, आवृत्ती, मूळ नाव व स्वामित्वाधिकार अशी त्याची अंगे होत. हा विभाग निर्माता स्वतः भरतो. ऑगस्ट १९९५ मध्ये आलेल्या ‘विंडोज ९५’ने लांब नावे व शॉर्टकट या दोन सोयी सर्वसामान्यांपर्यंत पोहोचविल्या. शॉर्टकट ही स्वतंत्र, लहान फाइल असून तीत मूळ फाइलीचा मार्ग, कार्यनिर्देशिका, चिन्हाचे स्थान, आज्ञेस जोडावयाचा मजकूर व टिप्पणी यांची नोंद असते. पडद्यावरील चिन्हावर निर्देशक स्थिर केला असता जी ओळ दिसते, ती या टिप्पणीतून येते. शॉर्टकटचे चिन्ह कोणत्याही फाइलीतून घेता येते आणि त्याचा स्वतःचा प्रकारदर्शक प्रत्यय इतर प्रत्यय दाखविण्याची व्यवस्था केली तरी सामान्यतः दिसत नाही. पुढील काळात हेच वैशिष्ट्य उपद्रवास कारणीभूत ठरले.

‘विंडोज २०००’ व ‘विंडोज एक्सपी’ (२००१) यांत फाइलीच्या गुणधर्मांत सारांशाचे एक पान होते. त्यावर शीर्षक, विषय, लेखक, वर्ग, सूचक शब्द व टिप्पणी नोंदविता येई. एनटीएफएस या फाइल-व्यवस्थेत ही माहिती मूळ प्रवाहास समांतर अशा दुसऱ्या प्रवाहात साठविली जाई. त्यामुळे फाइलीचा मुख्य आशय अबाधित राही. पण फाइल फ्लॉपीवर किंवा जुन्या व्यवस्थेच्या पेन ड्राइव्हवर उतरविली की ही माहिती गळून पडे. ‘विंडोज व्हिस्टा’पासून (२००७) सर्व प्रकारच्या फाइलींस अशी माहिती जोडण्याची सोय राहिली नाही, कार्यवाहक आज्ञावलीचे वर्णन केवळ वाचता येते. त्याच आवृत्तीपासून चालू प्रक्रियांच्या यादीत वर्णनाचा रकाना आला व संगणकात काय चालले आहे, हे सामान्य वापरणाऱ्यास नावापलीकडे वाचता येऊ लागले.

विषाणूंचे आत्मवर्णन : व्यक्तिगत संगणकांत पसरलेला पहिला विषाणू म्हणून ओळखला जाणारा ‘ब्रेन’ हा १९८६ मध्ये लाहोर येथील अमजद व बासित फारूक अल्वी या बंधूंनी तयार केला. फ्लॉपीच्या आरंभविभागात त्याने निर्मात्यांची नावे, पत्ता व दूरध्वनी क्रमांक लिहून ठेवलेले असत आणि फ्लॉपीचे नामचिन्हही तो बदलून आपले करी. म्हणजे या विषाणूने वर्णनाच्याच जागी आपली खरी ओळख नोंदविली होती. त्याच वेळी तो क्रियाशील असताना आरंभविभाग वाचू पाहणाऱ्यास पूर्वीचा निर्दोष विभाग दाखवीत असे. खरे सांगणे व खोटे दाखविणे या दोन्ही गोष्टी एकाच आज्ञावलीत एकत्र आल्या होत्या.

भारतात १९९० मध्ये आढळलेला ‘जोशी’ हा विषाणूही आरंभविभागाचा आश्रय करणारा होता. दर ५ जानेवारीस तो संगणक अडवून धरी आणि जोशी यास वाढदिवसाच्या शुभेच्छा देणारे इंग्रजी वाक्य टंकलिखित केल्याखेरीज काम पुढे जाऊ देत नसे. ‘मायकेलअँजेलो’ हा विषाणू ६ मार्च या दिवशी तबकडीवरील माहिती नष्ट करी. १९९२ मध्ये त्याच्या धास्तीने जगभर खळबळ उडाली व अँटिव्हायरस आज्ञावल्यांचा खप वाढला.

प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने सर्वांत उद्बोधक विषाणू म्हणजे १९९१ मध्ये बल्गेरियातून पसरलेला ‘डीर-टू’ होय. तो आज्ञावलीच्या फाइलीस हात लावीत नसे. तबकडीच्या शेवटच्या भागात तो आपली एकच प्रत ठेवी व निर्देशिकेत प्रत्येक आज्ञावलीचा आरंभ कोठे आहे, ही नोंद बदलून ती आपल्याकडे वळवी. खरा आरंभ त्याने सांकेतिक रूपात जपून ठेवलेला असे. त्यामुळे नाव, तारीख, आकारमान या सर्व नोंदी जशाच्या तशा दिसत. बदललेला असे तो केवळ मार्ग. स्वच्छ फ्लॉपीने संगणक सुरू करून तबकडी तपासली, तर सर्व फाइली एकाच ठिकाणाहून सुरू होत असल्याचे दिसे. अशा वेळी प्रणालीतीलच दुरुस्ती-आज्ञा वापरली असता निर्दोष फाइलींचा कायमचा नाश होई. विषाणू क्रियाशील असतानाच फाइलींचा प्रत्यय बदलून त्यांच्या प्रती काढणे, हा त्यावरील एक सुरक्षित उपाय होता. रोगाचे निदान न करता केलेला उपचार रोगापेक्षा घातक ठरू शकतो, हा धडा या विषाणूने दिला.

अँटिव्हायरस आज्ञावलींचा उदय : १९८०च्या दशकाच्या अखेरीस अमेरिका, ब्रिटन, आइसलँड, रशिया इ. देशांत विषाणुशोधक आज्ञावल्या तयार होऊ लागल्या. त्यांची मूळ पद्धत अशी : प्रत्येक ज्ञात विषाणूतील बाइटांचा एक वैशिष्ट्यपूर्ण क्रम निवडावयाचा, अशा क्रमांची सूची करावयाची व प्रत्येक फाइलीत त्यांपैकी एखादा आढळतो का, हे पहावयाचे. येथे फाइल स्वतःविषयी काय सांगते याचा विचार केला जात नाही. तिच्या आशयात काय आहे तेवढेच पाहिले जाते. ज्ञात नसलेल्या विषाणूंसाठी आज्ञावलीच्या वर्तनावरून संशय घेण्याची पद्धत पुढे विकसित झाली. तथापि अमेरिकन शास्त्रज्ञ फ्रेड कोहेन यांनी १९८४ मध्येच दाखवून दिल्याप्रमाणे, कोणतीही आज्ञावली विषाणू आहे किंवा नाही हे अचूक ठरविणारी सर्वव्यापी रीत असू शकत नाही. म्हणून अँटिव्हायरसचा निर्णय हाही अखेर बळकट पुराव्यावर आधारलेला अभिप्रायच असतो.

शोधलेल्या विषाणूंना कोणती नावे द्यावीत, हा प्रश्न लवकरच उपस्थित झाला. एकच विषाणू निरनिराळ्या आज्ञावल्यांत वेगवेगळ्या नावांनी ओळखला जाई. १९९१ मध्ये संशोधकांच्या ‘कॅरो’ या गटाने कुल, उपगट व प्रकार अशी श्रेणीबद्ध नामपद्धती सुचविली. जीवशास्त्रातील नामपद्धतीशी तिचे साम्य उघड आहे; मात्र नव्या विषाणूंची संख्या वेगाने वाढत गेल्याने नावांत पूर्ण एकवाक्यता कधीच येऊ शकली नाही.

अँटिव्हायरस आज्ञावलीचीच बनावट प्रत निघाली तर काय करावे, हा दुसरा प्रश्न होता. संदेशफलकांवरून वितरित होणाऱ्या मॅकॅफी यांच्या विषाणुशोधकाबरोबर फाइलींची तपासणी करणारी एक छोटी आज्ञावली देण्यात येई. फाइलीचे आकारमान, तारीख व तिच्या आशयावरून गणिताने काढलेल्या दोन तपास-संख्या ती दाखवी. त्या संख्या सोबतच्या पत्रकातील संख्यांशी जुळल्या तरच प्रत अस्सल मानावयाची होती. या पद्धतीतील उणीव उघड आहे : आज्ञावली बदलणारा मनुष्य पत्रकही बदलू शकतो. तपासणीचा आधार तपासल्या जाणाऱ्या संचाबाहेर असला पाहिजे, हे तत्त्व त्यातून पुढे आले. १९९६ पासून विंडोजमध्ये उपलब्ध झालेल्या अंकीय स्वाक्षरीने त्यास व्यवहार्य रूप दिले. निर्माता आपल्या गुप्त किल्लीने फाइलीवर स्वाक्षरी करतो, मान्यताप्राप्त प्रमाणनसंस्था ती किल्ली त्याचीच असल्याचे प्रमाणपत्र देते आणि फाइलीच्या आशयात किंवा वर्णनविभागात पुढे एका अक्षराचा बदल झाला तरी स्वाक्षरी अवैध ठरते.

महाराष्ट्रातील उद्योग : या क्षेत्रात महाराष्ट्राने लक्षणीय कार्य केले आहे. मूळचे सातारा जिल्ह्यातील रहिमतपूरचे कैलास काटकर यांनी पुण्यात गणनयंत्रांच्या व पुढे संगणकांच्या दुरुस्तीचा व्यवसाय सुरू केला. दुरुस्तीसाठी येणाऱ्या अनेक संगणकांत बिघाड यंत्राचा नसून विषाणूंचा असल्याचे आढळून येई. त्यांचे धाकटे बंधू संजय काटकर हे त्या वेळी संगणकशास्त्राचे विद्यार्थी होते. त्यांनी अशा विषाणूंवर उपाय करणाऱ्या आज्ञावल्या लिहिल्या व त्यांतूनच १९९०च्या दशकाच्या मध्यास ‘क्विक हील’ ही अँटिव्हायरस आज्ञावली तयार झाली. त्यांच्या ‘कॅट कॉम्प्युटर सर्व्हिसेस’ या संस्थेची कंपनी म्हणून नोंदणी १९९५ मध्ये झाली; २००७ मध्ये तिचे नाव ‘क्विक हील टेक्नॉलॉजीज’ असे करण्यात आले आणि फेब्रुवारी २०१६ मध्ये तिचे भाग शेअरबाजारात नोंदले गेले. मुंबईच्या मायक्रोवर्ल्ड या कंपनीची ‘ई-स्कॅन’ व पुण्यातच तयार झालेली ‘नेट प्रोटेक्टर’ या आज्ञावल्याही प्रसिद्ध आहेत.

दुरुस्तीच्या दुकानातून झालेल्या या उगमाचा परिणाम आज्ञावलींच्या वितरणावर झाला. लहान गावांतील संगणकविक्रेते व दुरुस्ती करणारे कारागीर हेच अँटिव्हायरसचे विक्रेते, मांडणी करणारे व सल्लागार बनले. पडद्यावर कोणता शॉर्टकट ठेवावयाचा, त्यास काय नाव द्यावयाचे, कशावर टिचकी मारल्यास तपासणी होते, हे ग्राहकास तेच सांगत. निर्मात्याने इंग्रजीत लिहिलेले वर्णन व ग्राहकाची समज यांतील दुवा पुष्कळदा हा कारागीर असे.

यवतमाळ जिल्ह्यातील संदर्भ : यवतमाळ हा विदर्भातील सोळा तालुक्यांचा, मुख्यतः कापसासाठी प्रसिद्ध असलेला जिल्हा. पुसद येथील बाबासाहेब नाईक अभियांत्रिकी महाविद्यालय (स्थापना १९८३) व यवतमाळ येथील जवाहरलाल दर्डा अभियांत्रिकी व तंत्रज्ञान संस्था (स्थापना १९९६) यांमुळे संगणकशिक्षणाची उच्च स्तरावरील सोय जिल्ह्यात झाली. २००१ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र ज्ञान महामंडळाच्या एमएस-सीआयटी या अभ्यासक्रमाने संगणकाचे प्राथमिक शिक्षण राज्यभर तालुक्याच्या गावांपर्यंत नेले. सातबारा उताऱ्यांचे संगणकीकरण, सेतू केंद्रे व ग्रामपंचायतींतील संगणक यांमुळे नोकरी किंवा शिक्षणाशी संबंध नसलेल्या शेतकऱ्याच्याही कागदपत्रांचा संगणकाशी संबंध आला.

अशा भागांतील संगणकवापराचे एक वैशिष्ट्य म्हणजे यंत्राचा सामाईक वापर. अर्ज भरण्याचे केंद्र, छायाप्रतींचे दुकान, छायाचित्रकाराचा स्टुडिओ, शाळेचे कार्यालय या ठिकाणी एका यंत्रास दिवसभरात अनेकांचे पेन ड्राइव्ह जोडले जातात. आंतरजालाची जोडणी मंद किंवा खंडित असल्यास अँटिव्हायरसची सूची जुनी राहते आणि एका पेन ड्राइव्हवरील विषाणू दुसऱ्यावर सहज जातो. फेब्रुवारी २०११ मध्ये मायक्रोसॉफ्टने जुन्या विंडोजमधील पेन ड्राइव्हवरील आज्ञावली आपोआप सुरू होण्याची सोय बंद करणारी सुधारणा सर्वत्र लागू केली. त्यानंतर वापरणाऱ्याकडूनच टिचकी मारवून घेणाऱ्या शॉर्टकट-विषाणूंना महत्त्व आले.

व्यवहारात ‘शॉर्टकट व्हायरस’ या नावाने सर्वपरिचित झालेल्या या प्रकारात पेन ड्राइव्हवरील मूळ फोल्डर अदृश्य केले जातात व त्यांच्या जागी त्याच नावांचे, फोल्डरचेच चिन्ह धारण करणारे शॉर्टकट ठेवले जातात. टिचकी मारली असता प्रथम विषाणू सुरू होतो व पाठोपाठ खरा फोल्डर उघडतो. त्यामुळे काही विपरीत घडले, अशी शंकाही येत नाही. अँटिव्हायरसने विषाणूची फाइल काढून टाकल्यावर शॉर्टकट निकामी होतात आणि आपली सर्व माहिती गेली, असे मालकास वाटते. वस्तुतः मूळ फोल्डर जागेवरच असतात. त्यांचे अदृश्यतेचे गुणधर्म काढले की ते पुन्हा दिसू लागतात. हे न जाणता पेन ड्राइव्ह फॉरमॅट केल्यास विवाहाची छायाचित्रे, विद्यार्थ्याचा प्रबंध किंवा संस्थेचा हिशेब खरोखरच नष्ट होतो. येथे हानी करणारी अखेरची क्रिया विषाणूची नसून वरवरच्या वर्णनावर विसंबून मनुष्याने केलेली असते. ‘डीर-टू’च्या काळातील धडा वीस वर्षांनी अशा रीतीने पुन्हा गिरवावा लागला.

वर्णन व वस्तू यांतील हा भेद यवतमाळच्या विद्याव्यासंगाच्या परंपरेस अपरिचित नाही. महानुभाव वाङ्मयाचे संशोधक य. खु. देशपांडे (१८८४–१९७०) यांनी यवतमाळ येथे स्थापन केलेल्या शारदाश्रमात जुन्या हस्तलिखितांचा संग्रह करण्यात आला. महानुभावांच्या अनेक पोथ्या सकळ, सुंदरी इ. सांकेतिक लिप्यांत लिहिलेल्या असत; ग्रंथ अनधिकारी व्यक्तीच्या हाती लागला तरी तो वाचता येऊ नये, हा त्यामागील हेतू. पोथीच्या अखेरच्या पुष्पिकेत ग्रंथनाम, लेखकाचे नाव व शक दिलेला असतो. पण संशोधक केवळ त्यावर विसंबत नाही. अक्षरवळण, कागद, भाषा व इतर प्रतींतील पाठ यांच्याशी तो पुष्पिका ताडून पाहतो व आपला अभिप्राय पोथीच्या पानावर न लिहिता स्वतंत्र वर्णनात्मक सूचीत नोंदवितो. फाइलीचे आत्मवर्णन, आशयाची परीक्षा व बाहेर ठेवलेली नोंद या तीन पायऱ्या हस्तलिखितशास्त्रात संगणकाच्या पुष्कळ आधीपासून प्रचलित होत्या.

वर्णनाचा गैरवापर : ४ मे २००० रोजी फिलिपीन्समधून पसरलेल्या ‘आय लव्ह यू’ या उपद्रवी आज्ञावलीच्या नावात दोन प्रत्यय होते. त्यांपैकी पहिला साध्या मजकुराचा असून खरा, आज्ञावलीचा प्रत्यय शेवटी होता. विंडोजने ज्ञात प्रत्यय लपविण्याची मूळ व्यवस्था ठेवलेली असल्याने लक्षावधी लोकांस ते प्रेमपत्रच वाटले. २००८–०९ च्या सुमारास ‘अँटिव्हायरस २००९’ यांसारख्या नावांच्या बनावट आज्ञावल्या जगभर पसरल्या. त्या संगणकात नसलेले विषाणू असल्याचे दाखवीत व ते काढण्यासाठी पैशांची मागणी करीत. रक्षकाचे नाव, ढालीचे चिन्ह व नीटनेटके वर्णन एवढ्या भांडवलावर हा व्यवहार चालला होता.

जून २०१० मध्ये उघडकीस आलेल्या ‘स्टक्सनेट’ने यापुढची पायरी गाठली. इराणच्या अणुप्रकल्पातील यंत्रे हे त्याचे लक्ष्य होते. भारतातही त्याचा लक्षणीय प्रादुर्भाव झाला. शॉर्टकटचे चिन्ह दाखविण्याच्या विंडोजच्या रीतीतील दोषाचा त्याने उपयोग केला. त्यामुळे टिचकी न मारता, शॉर्टकट असलेला फोल्डर केवळ उघडला तरी विषाणू सुरू होई. मायक्रोसॉफ्टने हा दोष ऑगस्ट २०१० मध्ये दूर केला. त्याच्या काही फाइलींवर दोन प्रतिष्ठित कंपन्यांच्या चोरलेल्या किल्ल्यांनी केलेल्या अंकीय स्वाक्षऱ्याही होत्या. स्वाक्षरी गणिताच्या दृष्टीने बिनचूक असली, तरी किल्ली कोणाच्या हाती आहे यावरच तिचे मूल्य अवलंबून असते, हे त्यावरून स्पष्ट झाले. २७ जून २०१७ रोजी युक्रेनमधील एका हिशेब-आज्ञावलीच्या अद्ययावत संचातून पसरलेल्या ‘नॉटपेट्या’च्या फाइलीस मायक्रोसॉफ्टची नक्कल केलेली, पण पडताळणीत अवैध ठरणारी स्वाक्षरी जोडलेली होती. या हल्ल्याचा फटका मेर्स्क या नौवहन-समूहास बसून त्याच्याकडून चालविल्या जाणाऱ्या न्हावाशेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरातील टर्मिनलचे कामकाजही विस्कळीत झाले.

वर्णन जोडण्याची रीत व मर्यादा : वरील इतिहासावरून अँटिव्हायरसच्या फाइलींस वर्णन कोठे जोडावे व कोठे जोडू नये, हे ठरविता येते. मूळ कार्यवाहक फाइलीतील वर्णनविभाग बदलणे अनिष्ट होय. तसे केल्याने तिची स्वाक्षरी अवैध होते आणि विषाणूने केलेला बदल व मालकाने केलेला बदल यांत भेद करता येत नाही. बहुतेक अँटिव्हायरस आज्ञावल्या आत्मसंरक्षणासाठी आपल्या फाइलींत असा बदल होऊच देत नाहीत. २०१३ मधील ‘विंडोज ८.१’पासून त्यांच्या प्रक्रियांना प्रणालीचेही विशेष संरक्षण मिळू शकते. मूळ फाइलीचे नाव बदलणेही अयोग्य आहे; कारण सेवा व अद्ययावत करणारे घटक तिला त्याच नावाने शोधतात.

शॉर्टकटचे नाव व त्यातील टिप्पणी मात्र निर्धोकपणे बदलता येते. शॉर्टकटच्या गुणधर्मांत टिप्पणीच्या चौकटीत ‘पेन ड्राइव्ह तपासण्यासाठी’ किंवा ‘परवाना नूतनीकरणाची तारीख’ अशी ओळ लिहिल्यास ती चिन्हावर निर्देशक नेताच दिसते. मूळ फाइल त्यामुळे अस्पर्शित राहते. सर्व वापरणाऱ्यांसाठी सामाईक असलेल्या शॉर्टकटमध्ये असा बदल करण्यास व्यवस्थापकाची अनुमती लागते व ही तरतूद योग्यच आहे. टिप्पणी लिहिण्यापूर्वी शॉर्टकटमधील लक्ष्याचा मार्ग वाचून तो आज्ञावलीच्या मूळ फोल्डरकडेच जातो, याची खात्री करणे व मूळ फाइलीची अंकीय स्वाक्षरी पडताळणे आवश्यक असते. अनेक यंत्रे असलेल्या संस्थेत प्रत्येक यंत्रावरील अँटिव्हायरसचे नाव, आवृत्ती, परवान्याची मुदत व जबाबदार व्यक्ती यांची स्वतंत्र नोंदवही ठेवणे अधिक उपयुक्त ठरते. कारण यंत्र बंद पडले तरी ती वाचता येते.

मराठीतील वर्णन : सामान्य मराठी वापरणाऱ्याच्या दृष्टीने वर्णन त्याच्या भाषेत असणे महत्त्वाचे आहे, तथापि दीर्घकाळ ते शक्य नव्हते. पुण्याच्या सी-डॅक या संस्थेने (स्थापना १९८८) जिस्ट तंत्रज्ञानाद्वारे भारतीय लिप्या संगणकावर आणल्या व १९९१ मध्ये इस्की हे राष्ट्रीय मानक निश्चित झाले. तरीही छपाईच्या कामात वापरले जाणारे अनेक फॉन्ट स्वतंत्र सांकेतिक रचनेचे असल्याने फाइलींची नावे रोमन लिपीतच द्यावी लागत. जिल्ह्यातील वणी या तालुक्याचे नाव व वाणी हे आडनाव रोमन लिपीत एकसारखेच दिसण्याचा संभव असतो. युनिकोडच्या प्रसारानंतर फाइलीचे नाव व शॉर्टकटची टिप्पणी देवनागरीत लिहिणे सुलभ झाले. लिनक्स प्रणालीतील शॉर्टकट-फाइलींत तर एकाच आज्ञावलीचे नाव व टिप्पणी मराठीसह अनेक भाषांत देण्याची मुळातच सोय आहे. युनिकोडबरोबर नवे धोकेही आले. उजवीकडून डावीकडे लिहिल्या जाणाऱ्या लिप्यांसाठी असलेले एक अदृश्य दिशाचिन्ह नावात घालून प्रत्ययाची अक्षरे उलटी दाखविता येतात. दिसण्यात सारखी असलेली अन्य लिपींतील अक्षरे वापरूनही नावाची नक्कल करता येते.

कायदा व प्रमाणन : भारताच्या माहिती तंत्रज्ञान अधिनियमात (२०००) संगणक-विषाणूची व्याख्या दिलेली असून परवानगीशिवाय तो दुसऱ्याच्या संगणकात घालणाऱ्यावर भरपाईचे व अप्रामाणिक हेतू असल्यास शिक्षेचे दायित्व येते. याच अधिनियमाने अंकीय स्वाक्षरीस वैधता दिली व प्रमाणनसंस्थांवर नियंत्रक नेमण्याची तरतूद केली. संगणकीय आपत्तींच्या निवारणासाठी २००४ पासून ‘सर्ट-इन’ ही राष्ट्रीय संस्था कार्य करीत आहे. तिच्या वतीने फेब्रुवारी २०१७ मध्ये सुरू झालेल्या सायबर स्वच्छता केंद्रातर्फे उपद्रवी आज्ञावली काढून टाकणारी साधने विनामूल्य देण्यात येतात. त्यांत महाराष्ट्रातील कंपन्यांनी तयार केलेल्या साधनांचाही समावेश होता.

अंकीय स्वाक्षरीची कल्पना आता आज्ञावलींपुरती मर्यादित राहिलेली नाही. १ मे २०१८ पासून महाराष्ट्र शासनाने अंकीय स्वाक्षरी असलेला सातबारा उतारा उपलब्ध करून दिला. यवतमाळच्या शेतकऱ्यास मिळणाऱ्या अशा उताऱ्यावर गट क्रमांक, खातेदाराचे नाव व क्षेत्र हे वर्णन पूर्वीप्रमाणेच छापलेले असते. मात्र त्याची सत्यता केवळ छापील मजकुरावर अवलंबून न राहता स्वाक्षरीच्या पडताळणीने ठरविली जाते. अँटिव्हायरसच्या फाइलीच्या बाबतीत जे तत्त्व तीन दशकांच्या अनुभवातून सिद्ध झाले, तेच येथे जमिनीच्या हक्काच्या नोंदीस लागू करण्यात आले आहे.